कॉलेजातलं मधल्या वेळचं खाणं: आधी घड्याळ, मग डब्बा, बंदी सगळ्यात शेवटी

‘सोमवारपासून समोसा बंद’ असं जाहीर करणारे बहुतेक जण गुरुवारी दोन समोसे घेऊन उभे असतात. मग आपल्यात निर्धारच नाही म्हणून स्वतःला दोष देतात. गोची मात्र क्रमात झालेली असते. सकाळी उपाशीपोटी निघायचं, एक वाजताचं जेवण अडीचला करायचं, बॅगेत खायला काही ठेवायचं नाही आणि साडेपाचला कढईसमोर उभं राहून मनाला आवर घालायचा! हे कुणालाच जमत नाही. बंदी ही शेवटची पायरी आहे, आणि आधीच्या पायऱ्या नीट झाल्या तर तिची फारशी गरजही उरत नाही.

हा लेख नागपुरात रूम, हॉस्टेल किंवा मेसवर राहणाऱ्यांसाठी आहे. कामठी, काटोल, उमरेडहून रोज ये-जा करणाऱ्यांनी पहिली, तिसरी, पाचवी आणि सहावी पायरी नीट वाचावी. बाकीचं घरी आई बघत असेल, तर तिचं ऐका.

## 1. चार दिवस काहीही न बदलता लिहा

वहीचं मागचं पान घ्या आणि चार दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट त्यावर टिपा. दिवस नीट निवडा: प्रॅक्टिकलचे दोन, साध्या लेक्चरचा एक आणि एक रविवार. रविवार हवाच, कारण बऱ्याच मेसना त्या रात्री सुट्टी असते आणि आठवडाभराचा बेत तिथेच कोसळतो.

प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी लिहायच्या: वेळ, पदार्थ, सोबत कोण होतं आणि खरंच भूक होती का. कॅलरी मोजू नका. पहिल्याच दिवशी आकडे मांडले की माणूस खरं लिहिणं सोडतो.

साधारण पान असं दिसतं:

सकाळी 7.15: चहा, दोन बिस्किटं, एकटा, भूक नव्हती.
10.45: तर्री पोहा, गँग, जोरदार भूक.
2.20: मेस. दोन पोळ्या, भात. डाळ पातळ.
5.30: समोसा, चहा, जोरदार भूक.
9.00: मेस. थोडंच.
12.40: मॅगी, रूममेट, भूक की कंटाळा, माहीत नाही.

आता पेन घेऊन ‘जोरदार भूक’ लिहिलेल्या नोंदींना गोल करा. वरच्या पानात असे दोन गोल आहेत आणि दोन्हींच्या आधी पोटात काही टिकाऊ गेलेलंच नाही. 12.40 च्या नोंदीवर प्रश्नचिन्ह टाका. ती भूक आहे, सोबत आहे की नुसतं जागरण, हे सातव्या पायरीत बघू.

तपासा: चार दिवसांत गोल एकाच वेळी येतात का? आले तर तुमचं अर्धं काम झालं. गोल अजिबात नसतील आणि तरी पान भरलं असेल, तर तुमचा प्रश्न भुकेचा नाही, सोबतीचा आहे. तुम्ही तिसऱ्या पायरीवर फार वेळ घालवू नका, सहावी दोनदा वाचा.

## 2. आधी जेवण दुरुस्त करा

संध्याकाळचा समोसा दुपारच्या ताटात ठरतो. मेसच्या ताटात पोळी-भात पोटभर मिळतो, कमी पडतात ती प्रथिनं. मोठ्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, असा आपल्याकडचा शिफारस केलेला आकडा आहे. म्हणजे 60 किलोच्या मुलाला 50 ग्रॅम. एका पोळीतून सुमारे 3 ग्रॅम मिळतात आणि पातळ डाळीच्या वाटीतून तितकेच किंवा थोडे जास्त. हिशोब तुम्हीच करून बघा.

यावर तीन साधे उपाय आहेत.

डाळ घेताना भांड्याच्या तळाशी डाव फिरवून घ्या. मेसच्या काकूंना ‘काकू, खालची द्या ना’ म्हटलं तर त्या देतात, कुणी मागतच नाही.

रोज एक जोड ठरवा: उकडलेलं अंडं (सुमारे 6 ग्रॅम), ग्लासभर दूध (तेवढंच) किंवा वाटीभर उसळ. दही चांगलं, पण त्याच्या छोट्या वाटीत 3 ग्रॅमच असतात, त्यामुळे त्या एकट्यावर भिस्त ठेवू नका.

सकाळी निघण्याआधी काहीतरी चावून खा. रात्रीची पोळी, तिच्यावर जवसाची चटणी आणि थोडं तेल, गुंडाळी करून दोन मिनिटांत संपते. जवसाची चटणी विदर्भातल्या घरातून येतेच. ती रूमवर फक्त वरणभातासोबत संपवू नका.

इशारा: चहा म्हणजे नाश्ता नव्हे. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. मुलींनी हे जास्त मनावर घ्यावं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. उसळीवर लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं, आणि लिंबू मेसमध्ये बहुधा पडलेलंच असतं.

तपासा: आठवडाभर असं जेवल्यावर साडेपाचची भूक सहा-साडेसहावर सरकली का? सरकली नसेल तर पुढे जाऊ नका, अजून एक आठवडा इथेच थांबा.

## 3. खरेदी: आठवड्याची, एका माणसाची

इथे दोन टोकं दिसतात. एक जण काहीच आणत नाही. दुसरा उत्साहात इतवारीतून महिन्याचा किराणा भरतो आणि तिसऱ्या आठवड्यात खवट दाणे फेकतो. एकट्यासाठी आठवड्याला एवढं पुरतं:

फुटाणे 250 ग्रॅम, फल्लीदाणे (शेंगदाणे) 250 ग्रॅम, मुरमुरे 150 ग्रॅम, डाळवं 50 ग्रॅम, अख्खे मूग किंवा मटकी 250 ग्रॅम, थोडा गूळ, चार-पाच लिंबं, कांदे-टमाटर, आणि रोजचं एक याप्रमाणे सात फळं.

मूठभर फुटाणे आणि मूठभर दाणे, म्हणजे प्रत्येकी तीसेक ग्रॅम, यातून 13 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. पाकिटबंद ‘प्रोटीन बार’च्या मागे लागण्याआधी हे लक्षात ठेवा. दाण्यांत तेल भरपूर असतं, त्यामुळे मूठ म्हणजे मूठच. अभ्यास करता करता पिशवीतून खाल्ले तर पाव किलो कधी संपलं ते कळत नाही.

फळं हंगामाची घ्या. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे येतात. या महिन्यांत नागपुरात राहून डब्यातला ज्यूस पिणं म्हणजे विहिरीजवळ राहून पाण्याची बाटली विकत घेणं. मधल्या काळात केळी, जाम (पेरू), पपई. चिरलेली फळं मात्र ठेल्यावरून घेऊ नका. कधी चिरली ते कळत नाही.

पाकीट घ्यायचंच असेल तर उलटं करून तीन गोष्टी बघा. घटकांच्या यादीत जे वजनानं जास्त ते आधी लिहिलेलं असतं. ‘मल्टीग्रेन’ बिस्किटात पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं साखरेचं असेल तर समोरची गव्हाची ओंबी शोभेची आहे. दुसरं, आकडे 100 ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे? तिसरं, सोडियम. त्याला 2.5 नं गुणलं की मीठ निघतं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

तपासा: दाणे घेताना एक चावून बघा. कडवट लागला तर घेऊ नका. उन्हाळ्यात दाणे लवकर खवटतात, तेव्हा 250 ऐवजी 100 ग्रॅमच आणा.

## 4. रविवारचा एक तास

तयारी रविवारी दुपारी करायची. रात्री कुणी करत नाही आणि सोमवारी सकाळी वेळ नसतो.

भाजका चिवडा. सगळ्यांना येतो असं वाटतं, पण दर दुसऱ्या रूमवर तो मंगळवारपर्यंत मऊ पडतो. क्रम असा:

कोरड्या कढईत मंद आचेवर मुरमुरे पाच-सहा मिनिटं हलवा. एक दाणा बोटांत चुरडला की कुर्रकन तुटायला हवा. परातीत काढा. त्याच कढईत दोन मोठे चमचे तेल टाका, मोहरी तडतडू द्या, मग फल्लीदाणे. ते लालसर झाले की डाळवं, आणि शेवटी कढीपत्ता. कढीपत्ता धुऊन पुसून पूर्ण कोरडा केलेला हवा, आणि तो पापडासारखा कडक होईपर्यंत थांबायचं. आता गॅस बंद. हळद, तिखट, मीठ बंद गॅसवरच, नाहीतर तिखट जळतं आणि अख्ख्या मजल्याला ठसका लागतो. मुरमुरे टाका, हलवा आणि परातीत पसरून ठेवा.

चिवडा मऊ पडण्याची कारणं दोनच: ओलसर कढीपत्ता, आणि गरम चिवड्यावर लावलेलं झाकण. परातीवर हात ठेवून जराही कोमट लागत नसेल तेव्हाच स्टीलच्या डब्यात भरा. पावसाळ्यात दोन छोटे डबे करा. सारखा उघडावा लागणारा मोठा डबा सादळतो.

मोड. मूग आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, ओल्या फडक्यात बांधून टांगा. मे महिन्यात रात्री बांधलेल्याला सकाळी मोड दिसतात, आणि दुपारपर्यंत तसंच ठेवलं तर वास मारतो. डिसेंबरच्या थंडीत दीड-दोन दिवस लागू शकतात. तेव्हा बांधलेलं फडकं झाकणाच्या डब्यात ठेवा.

इशारा: मोड कच्चे खाऊ नका, निदान पावसाळ्यात तर नाहीच. ज्या ओलाव्यात मोड येतात त्यातच जंतूही वाढतात. चांगली वाफ काढा. हॉस्टेलवर केटल-शेगडी चालत नसेल तर मेसमध्ये विचारा. भाताच्या कुकरवर एक डबा ठेवायला कुणाची हरकत नसते.

हे काहीच जमत नसेल तर फुटाणे, दाणे, गूळ आणि केळी यांना विस्तव लागत नाही. चौथी पायरी सोडून थेट पाचवीवर या.

## 5. डब्बा: काय यापेक्षा केव्हा महत्त्वाचं

पहिल्या पायरीतल्या गोलांच्या वेळा काढा. डब्बा त्या वेळेच्या वीस मिनिटं आधी उघडायचा. गोल 5.30 ला असेल तर 5.10 ला, शेवटचं लेक्चर सुटल्या सुटल्या, गेटबाहेर पडायच्या आधी. तळणाचा वास आल्यावर डब्बा काढण्यात अर्थ नाही, तो तसाच रूमवर परत जातो. डब्बा नेऊनही फरक न पडणाऱ्यांची चूक नेमकी हीच.

दोन छोटे डबे ठेवा, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. एकच मोठा ठेवला तर अकरालाच रिकामा होतो. गँग मोठी असेल तर वाटण्यापुरता वेगळा चिवडा न्या, कारण तुमच्या डब्यावर चार हात पडणारच आहेत. त्यात वाईट काही नाही. दोघा-तिघांनी वार वाटून घेतले तर रविवारचा तासही वाटला जातो.

संध्याकाळच्या डब्याला एक सोपी जोडणी: वाफवलेले मूग किंवा चिवडा डब्यात, कांदा-टमाटर-सांबार (कोथिंबीर) वेगळ्या छोट्या डबीत, अख्खं लिंबू बॅगेत. कालवायचं खाताना. सकाळीच कालवलेली भेळ दुपारी खीर होते.

उन्हाळ्याचं वेगळं आहे. पारा 45 च्या आसपास असताना बॅगेतलं दही आंबतं, चिरलेलं फळ बिघडतं, चिक्की वितळून कागदाला चिकटते. मार्च ते जूनमध्ये कोरडंच न्या. सोबत पाणी, आणि रूमवर परतल्यावर ताक किंवा पन्हं. तहान आणि भूक यांची गल्लत याच दिवसांत जास्त होते. आधी पाणी, दहा मिनिटं थांबा, मग ठरवा.

## 6. ठेल्यावर गेलात तर

जायचंच आहे. बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन काहीही न खाता परत या असं सांगणारा माणूस नागपूरचा नसावा.

तर्री पोहा. यावर उगाच बदनामी येते. पोहे आणि चना हे चांगलं खाणं आहे, गोंधळ वर तरंगणाऱ्या लाल तेलाचा. पोहेवाला पातेल्यात वरवर पळी बुडवतो तेव्हा तुमच्या प्लेटमध्ये तेल येतं आणि चने मोजून पाच. म्हणून प्लेट भरायच्या आधी सांगा, ‘भाऊ, खालून द्या, चना जास्त, तर्री कमी.’ नंतर सांगून उपयोग नाही. कांदा भरपूर मागा, लिंबू पिळा, शेव वेगळी मागा म्हणजे किती टाकायची ते तुमच्या हातात राहतं. दुसऱ्यांदा नुसती तर्री ओतून घेण्याची सवय मात्र सोडा. असा पोहा सकाळी खाल्लात तर तो नाश्ताच झाला. नाश्ता करून वर पोहा, असं नको.

तळलेलं. समोसा, आलूबोंडा, सांबारवडी, कचोरी यांतलं एक निवडा. कोणतं यावर वाद घालू नका, जे आवडतं ते घ्या. बघायचं ते तेल. काळपट, फेसाळणारं किंवा गरम होतानाच धूर सोडणारं असेल तर पुढे चला. गार समोसा पुन्हा तेलात सोडून देत असतील तर तो आणखी तेल पितो, ताजा घाणा निघेपर्यंत थांबा. वर्तमानपत्रात बांधलेलं घेऊ नका. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) हे करू नका असं वारंवार सांगितलं आहे. डब्बा आहेच तुमच्याकडे, तो पुढे करा.

पेय. सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते, कारण प्यायलेलं कुणी खाण्यात धरत नाही. 250 मिलिलिटर कोलात साधारण 26 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चहाचे चमचे. वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 च्या आत असावी. त्यात दिवसाचे चार गोड चहा मिळवा. चहा सोडू नका, अर्धा घ्या आणि साखर कमी सांगा.

इशारा: जून ते सप्टेंबर पाणीपुरी आणि बर्फ घातलेला उसाचा रस टाळा. त्या पाण्याचा भरवसा नसतो, आणि कावीळ सेमिस्टर खाते.

रात्री ॲपवरून मागवताना सवलतीसाठी किमान रक्कम गाठायला आणखी एक पदार्थ टाकायचा मोह होतो. तो पदार्थ भुकेनं मागवलेला नसतो. एकट्यानं मागवू नका, तिघांत मागवा.

## 7. रात्र आणि परीक्षा

12.40 च्या नोंदीवरचं प्रश्नचिन्ह आठवा. नऊचं जेवण थोडंच आणि जागरण एकपर्यंत असेल तर ती खरी भूक आहे. तिची सोय आधीच करा: दुधात केळं किंवा ज्वारीच्या लाह्या, नाहीतर मेसमधून बाजूला काढलेली पोळी आणि चटणी. जेवण पोटभर झालं असेल तर ती झोप आहे, आणि झोपेवर नूडल्सचा इलाज नाही.

नूडल्स करायच्याच तर मसाल्याची अर्धी पुडी टाका, एक अंडं फोडा, हाताशी असेल ती भाजी घाला. मीठ बरंच कमी होतं आणि पोट टिकतं.

कॉफी रात्री आठनंतर नको. कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. अकराला प्यायलेल्या कॉफीतलं अर्धं कॅफिन पहाटे चारला अंगात असतं आणि सकाळी पेपर असतो. पेपरच्या दिवशी नवीन काही खाऊन बघू नका.

रविवारची रात्र आधीच ठरवून टाका. दुपारच्या मेसमधून दोन पोळ्या ठेवा, सोबत उसळ. उन्हाळ्यात भाजी रात्रीपर्यंत टिकत नाही, चटणी टिकते.

## 8. आता कमी करा

इथपर्यंत तीन-चार आठवडे गेले असतील. आता एकच पदार्थ निवडा, पानावर सगळ्यात जास्त वेळा आलेला. रोजचा असेल तर एक दिवसाआड करा, त्या जागी काय खायचं ते आधी ठरवून. दोन पदार्थ एकदम कमी करू नका. ‘सहा दिवस बंदी, सातव्या दिवशी मोकाट’ हा प्रकारही नको. सातवा दिवस सहा दिवसांचं उट्टं काढतो.

उपवासाच्या दिवशी हे गणित बिघडतं. साबुदाण्यात जवळपास सगळा स्टार्च असतो, पुष्कळ खाऊनही लवकर भूक लागते. खिचडीत दाण्याचं कूट दुप्पट घाला, सोबत दूध किंवा ताक घ्या.

इशारा: भूक मारायला खर्रा खाणाऱ्यांसाठी एवढंच: सुपारी, तंबाखू आणि चुना हे खाणं नव्हे. सुपारीनं तोंडाच्या आतली त्वचा ताठर होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. दोन बोटं उभी तोंडात जात नसतील किंवा तिखट झोंबायला लागलं असेल, तर थेट दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत जा.

मधुमेह असेल, वजन आपोआप उतरत असेल, पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.

राहिला घरचा फराळ. दिवाळीनंतर पिशवीभर चकल्या-लाडू येतात आणि चार दिवस जेवण सोडून तेच चालतं. आल्या दिवशीच वाटणी करा: अर्धा गँगला, उरलेल्याच्या रोजच्या पुड्या. लाडू सकाळी दुधासोबत, चकली-चिवडा संध्याकाळच्या डब्यात. करंज्या आधी संपवा. ओल्या नारळाच्या असतील तर पहिल्या दिवशीच.